युद्ध म्हटलं की माणसं दिसत नाहीत : ‘चिप वॉर’ वाचताना

३ एप्रिल २०२४. सकाळचा आमचा रोजचा स्टँडअप कॉल. मी पुण्यात एका कंपनीत फर्मवेअर लिहिते, म्हणजे यंत्राच्या पोटात बसलेल्या चिपने काय करायचं हे तिला सांगणारं सॉफ्टवेअर. आमची चिप तैवानमध्ये बनते. ती बनवून घेणाऱ्या टीममधले तिघे जण शिनचू शहरातून या कॉलवर असतात. त्या दिवशी पहाटे, आपल्या घड्याळात साडेपाचच्या सुमाराला, तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर हुआलिएनजवळ ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला होता. गेल्या पंचवीस वर्षांतला तिथला सगळ्यात मोठा. कॉलवर तिघांपैकी एकच जण आला. कॅमेरा बंद. दोन-तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही, आणि मग आमच्या बाजूने पहिला प्रश्न गेला : सँपल्सच्या तारखेवर काही परिणाम होईल का?

प्रश्न मी विचारला होता.

त्याने नीट उत्तर दिलं. फॅब रिकामी केली होती, मशीन तपासणं चालू आहे, संध्याकाळपर्यंत कळवतो. आणि मग कोणीच न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकलं, की आम्ही घरचे सगळे ठीक आहोत.

कॉल संपल्यावर टेबलावर बघितलं तर ख्रिस मिलर यांचं ‘चिप वॉर’ उपडं पडलेलं. निम्मं वाचून झालं होतं. मी त्या पुस्तकाच्या प्रेमातच होते. ऑफिसात तिघांना घ्यायला लावलं होतं. पण उरलेलं निम्मं वाचताना माझा तो प्रश्न डोक्यातून जाईना. माणूस समोर असताना आधी तारीख विचारायची ही सवय मला नोकरीने लावली, त्यात पुस्तकाचा दोष नाही. पण तैवानकडे असंच बघायचं असतं, हे मला हे पुस्तक पानोपानी सांगत होतं, आणि ते मला खटकत नव्हतं. हा लेख त्या न खटकण्याबद्दल आहे.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे

मिलर हे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या फ्लेचर स्कूलमध्ये शिकवणारे इतिहासकार. त्यांचं हे पुस्तक ४ ऑक्टोबर २०२२ला आलं. तीनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, अमेरिकेने चीनला प्रगत चिप आणि त्या बनवायची यंत्रं विकण्यावर आजवरची सगळ्यात कडक बंधनं घातली. एखाद्या पुस्तकाला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळत नाही. त्या वर्षीचा ‘फायनान्शियल टाइम्स’चा बिझनेस बुकचा पुरस्कारही त्याला मिळाला.

पुस्तकात ५४ प्रकरणं आहेत, सगळी छोटी. वेब सिरीजसारखी, प्रत्येकाच्या शेवटी पुढचा भाग उघडायला लावणारी. ट्रान्झिस्टर म्हणजे काय, मेमरी चिप आणि लॉजिक चिप यांत फरक काय, सोव्हिएत संघाने चिपची नक्कल करायचा घाट घातला आणि तो का फसला, हे सगळं विज्ञान न शिकलेल्यालाही समजेल असं लिहिलंय. मी चार वर्षं इंजिनियरिंग केलं. मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला पिनांचे नंबर पाठ केले. पण ही चिप कोणी, कुठे आणि कशासाठी बनवली, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते मला या पुस्तकाने सांगितलं.

एएसएमएल या डच कंपनीच्या ईयूव्ही यंत्राबद्दलचा भाग तर मी दोनदा वाचला. कथिलाचा एक सूक्ष्म थेंब पोकळीतून झेपावतो. त्याच्यावर लेझरचा एक मारा होतो, मग दुसरा. थेंबाचा प्लाझ्मा होतो, सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी तापलेला, आणि त्यातून हवा तो १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश मिळतो. हे सेकंदाला पन्नास हजार वेळा. लेझर जर्मनीचा, आरसे जर्मनीचे, प्रकाशाचा उगम सॅन दिएगोचा, जोडणी नेदरलँड्सची, आणि यंत्र शेवटी जाऊन बसणार तैवानमध्ये नाही तर कोरियात. माणसाने बनवलेल्या वस्तूंत याहून गुंतागुंतीचं काही असेल असं मला वाटत नाही.

आणि पुस्तकातला सगळ्यात मोलाचा धडा तंत्रज्ञानाचा नाही, राजकारणाचा आहे. पूर्व आशियात चिपचे कारखाने का गेले, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे स्वस्त मजुरी. मिलर ते नाकारत नाहीत, पण त्याच्या शेजारी दुसरं कारण ठेवतात. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिका व्हिएतनाममध्ये अडकली होती. तैवानला मिळणारी अमेरिकेची आर्थिक मदत थांबली होती, चीनने १९६४ साली अणुबॉम्बची चाचणी केली होती, आणि अमेरिका किती दिवस आपल्या पाठीशी उभी राहील याचा तैवानला भरवसा उरला नव्हता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे मार्क शेपर्ड तैवानचे मंत्री के. टी. ली यांना भेटले तेव्हा पहिली भेट बिनसलीच. बौद्धिक संपदा हे साम्राज्यवाद्यांचं गरीब देशांना धमकवायचं साधन आहे, असं ली यांनी त्यांना सुनावलं. पण लवकरच ली यांना उमगलं, की अमेरिकन कंपनीचा कारखाना आपल्या जमिनीवर उभा असेल तर अमेरिकेला आपल्याला सोडून जाणं जड जाईल. कारखाना आला. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये सर्वोच्च पद हुकलेले मॉरिस चँग याच ली यांच्या बोलावण्यावरून तैवानला गेले आणि १९८७मध्ये टीएसएमसी उभी राहिली. सुरुवातीच्या भांडवलातले ४८ टक्के सरकारचे होते.

म्हणजे आज ज्याला ‘सिलिकॉन शिल्ड’, सिलिकॉनची ढाल, म्हणतात ती नंतर सुचलेली कल्पना नाही. तिथे व्यापार आणि संरक्षण पहिल्या दिवसापासून एकाच वहीत मांडलेले होते. ही गोष्ट इतकी स्पष्ट मी दुसरीकडे वाचलेली नाही.

पण मग ‘युद्ध’ कशाला?

पुस्तकाची सुरुवात तैवानच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या एका अमेरिकन युद्धनौकेने होते आणि शेवट तैवानवर हल्ला झाला तर काय, या प्रश्नाने. शेवटच्या विभागाच्या नावातच गळा आवळणं आहे. मधल्या पानांवर जे घडतं ते मात्र बहुतेक वेळा युद्ध नसतंच. कोणी कोणाला यंत्र विकतो, कोणी कोणाकडून शिकतो, कोणी कोणाची नक्कल करतो, कोणी नोकरी सोडून दुसऱ्या देशात जातो. साठ वर्षांचं सहकार्य सांगायचं आणि त्याच्या मुखपृष्ठावर ‘युद्ध’ लिहायचं, असं हे आहे.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देते. मार्च २०१६मध्ये एका प्रोग्रामरने रागावून इंटरनेटवर फुकट ठेवलेला आपला कोड काढून घेतला. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक तुकडा होता. जेमतेम अकरा ओळी. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायचं काम. पण जगभरातली हजारो सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष त्यावर उभी होती, आणि ती धडाधड बिल्ड व्हायची थांबली. आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो. एका खिळ्यावर सगळं घर टांगलेलं असणं. इंजिनियरच्या भाषेत ही चूक आहे, ती दुरुस्त करायची असते. सरकारांच्या भाषेत मात्र तोच खिळा हत्यार होतो. वस्तुस्थिती एकच, पण आपण तिच्याकडे कुठल्या खुर्चीतून बघतोय त्यावर शब्द बदलतात. मिलर जवळजवळ सगळं पुस्तक वॉशिंग्टनच्या खुर्चीतून लिहितात. ती खुर्ची खोटी नाही. पण तिच्यावर बसलं की चीन शत्रू दिसतो आणि जपान, कोरिया, तैवान हे पटावरचे मोहरे. मोहऱ्यांची आपसात काही जुनी देणी-घेणी असतील, हे तिथून दिसत नाही.

२०१९ची गोष्ट : ना अमेरिका, ना चीन

म्हणून मला इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायची आहे. ती अमेरिका विरुद्ध चीन या चौकटीत बसत नाही, आणि म्हणूनच महत्त्वाची आहे.

१ जुलै २०१९ला जपानने जाहीर केलं, की तीन पदार्थ दक्षिण कोरियाला निर्यात करायचे तर यापुढे दर खेपेला वेगळी परवानगी लागेल. हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. पहिले दोन चिपसाठी, तिसरा मोबाइलच्या पडद्यासाठी. सामान्य माणसाने नावही न ऐकलेले हे पदार्थ, पण चिपच्या दर्जाची शुद्धता हवी तर जपानी कंपन्यांना पर्याय शोधणं अवघड. सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांची झोप उडाली. ऑगस्टमध्ये जपानने कोरियाला निर्यातीच्या सवलतीच्या यादीतूनही काढलं.

लक्षात घ्या, दोन्ही देश लोकशाही, दोन्ही अमेरिकेचे मित्र, दोन्हीकडे अमेरिकेचे लष्करी तळ. मग हे कशामुळे? जपानने कारण निर्यातीवरच्या देखरेखीचं दिलं. पण कोरियात कोणालाच शंका नव्हती, की कारण आठ महिन्यांपूर्वीच्या एका निकालात आहे.

३० ऑक्टोबर २०१८ला दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निप्पॉन स्टील या जपानी कंपनीला आदेश दिला होता, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यांना जबरदस्तीने राबवलं त्यांना प्रत्येकी १० कोटी वॉन भरपाई द्या. खटला चालवणारे चौघे होते. निकालाच्या दिवशी त्यांतला एकच हयात होता, नव्वदी ओलांडलेला.

जपानचं म्हणणं, हा हिशोब १९६५च्या करारातच मिटला. त्या करारात जपानने कोरियाला ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर कर्ज दिलं होतं. हेही खरंच आहे. पण ते पैसे कुठे गेले? राबलेल्या माणसांच्या हातात त्यातलं फारच थोडं पडलं. त्यातला मोठा वाटा देश उभारणीत गेला, आणि त्यातूनच पोहांग इथला पोलाद कारखाना उभा राहिला, आजची पोस्को. तंत्रज्ञान कोणाचं? निप्पॉन स्टीलचा आणि तिच्या पूर्वसूरी कंपन्यांचा त्यात मोठा हात होता. म्हणजे ज्या कंपनीत माणसांना जबरदस्तीने राबवलं, तिच्याच मदतीने त्यांच्या देशाची प्रगती झाली, आणि त्या प्रगतीच्या नावाने त्या माणसांचा दावा मिटला असं धरलं गेलं. आर्थिक सहकार्याचं याहून यशस्वी उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि याहून अपुरंही.

पुढचं वेगाने घडलं. कोरियात ‘नो जपान’ची लाट आली. युनिक्लोची दुकानं ओस पडली, जपानी बिअर दुकानांतून गायब झाली. ऑगस्टमध्ये कोरियाने जाहीर केलं, की जपानबरोबरचा लष्करी गुप्त माहितीच्या देवाणघेवाणीचा करार आम्ही संपवतो. उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांवर डोळा ठेवायला दोघांना उपयोगी पडणारा हाच करार. नोव्हेंबरमध्ये, मुदत संपायला काही तास उरले असताना, तो निर्णय थांबवला गेला. इकडे कोरियन कंपन्यांनी हायड्रोजन फ्लोराइड देशातच शुद्ध करायला घेतलं, म्हणजे जपानी पुरवठादारांनी वर्षानुवर्षं जपलेलं गिऱ्हाईक स्वतःच्या सरकारमुळे गमावलं.

मार्च २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष यून टोकियोला गेले, जपानने ते निर्बंध उठवले, कोरियाने जागतिक व्यापार संघटनेतली तक्रार मागे घेतली. ऑगस्टमध्ये कॅम्प डेव्हिडला अमेरिकेसह तिघांचा फोटोही निघाला. मिटवायचा मार्ग काय काढला? भरपाई जपानी कंपन्या देणार नाहीत, एक कोरियन प्रतिष्ठान देईल. त्या प्रतिष्ठानाला पैसे देणाऱ्यांत पुढे कोण होती? पोस्को. हयात असलेल्या काही पीडितांनी तेव्हा हे पैसे घ्यायला साफ नकार दिला. त्यांना कोणाचेही पैसे नको होते, त्यांना त्या कंपनीचे हवे होते.

आता मला सांगा, हे ‘चिप वॉर’ आहे का? चिप यात आहे, आणि हत्यार म्हणूनही आहे. पण भांडण चिपचं नाही. भांडण आठवणीचं आहे. आमच्यासारख्या लोकांना वाटतं, की एकमेकांवर पुरेसं अवलंबून राहिलं की देश आपोआप शहाण्यासारखे वागतात. व्यापार वाढवा, शांतता येईल. तज्ज्ञ मंडळींना उलट वाटतं, की अवलंबून असणं म्हणजे गळा दुसऱ्याच्या हातात देणं. २०१९ने दोन्ही समज खोटे पाडले. अवलंबून असूनही भांडण झालंच, आणि गळा आवळल्यावर आवळणाऱ्याचंच गिऱ्हाईक गेलं. अवलंबन म्हणजे नुसती तार. त्यातून काय वाहणार, हे दोन टोकांच्या माणसांत काय घडून गेलंय त्यावर ठरतं.

आणि त्याच काळात त्याच प्रदेशात उलटंही चालू होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये जपान, चीन आणि दक्षिण कोरिया पहिल्यांदाच एका व्यापार करारात एकत्र आले, तो १५ देशांचा आरसेप करार. भारत त्यातून वर्षभर आधीच बाहेर पडला होता. सॅमसंगचा मोठा मेमरी कारखाना चीनच्या शिआनमध्ये आहे, एसके हायनिक्सचा वूशीमध्ये. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ची बंधनं घातली तेव्हा याच कारखान्यांसाठी एक वर्षाची सवलत द्यावी लागली. तैवानची चीन आणि हाँगकाँगला होणारी निर्यात २०२१च्या सुमाराला एकूण निर्यातीच्या ४० टक्क्यांच्या आसपास होती, ज्या चीनची विमानं रोज त्याच्या दारात घिरट्या घालतात त्या चीनला. मे २०२४मध्ये सोलला तिन्ही देशांचे नेते साडेचार वर्षांनी पुन्हा एका टेबलावर बसले. भावकीतल्या वादासारखं आहे हे. कोर्टात तारखा चालू, बांधावरून बोलणं बंद, आणि तरी विहीर एकच. ‘युद्ध’ हा शब्द यातला फक्त बांध दाखवतो.

ट्रान्झिस्टर गर्ल्स कुठे गेल्या?

माझी दुसरी तक्रार साधी आहे. पुस्तकात ‘ट्रान्झिस्टर गर्ल्स’ नावाचं एक प्रकरण आहे. फेअरचाइल्ड कंपनीने १९६३मध्ये हाँगकाँगला जोडणीचा कारखाना काढला. तिथे तासाला २५ सेंट मजुरी होती, अमेरिकेतल्या सरासरीच्या दहावा हिस्सा. कोरियात तर १० सेंट. कामाला बहुतेक मुली, कारण त्यांची बोटं बारीक आणि त्या कंटाळवाणं काम सहन करतात, असा मालकांचा समज. आणि तिकडे युनियनची कटकट नाही, हा आणखी एक फायदा.

प्रकरण उत्तम आहे. पण ते संपतं आणि त्या मुली पुस्तकातून निघून जातात. पुढचं पुस्तक मॉरिस चँग, अँडी ग्रोव्ह, अकिओ मोरिता, ली ब्योंग-चुल यांचं. ली ब्योंग-चुल यांनी १९३८ साली सुकी मासळी आणि भाजी विकत सॅमसंग सुरू केली आणि १९८३मध्ये मेमरी चिपवर सगळं पणाला लावलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण सॅमसंगची दुसरीही एक गोष्ट आहे. सोकचो गावातल्या एका टॅक्सीवाल्याची मुलगी शाळा संपताच २००३मध्ये गिहुंगच्या चिप कारखान्यात लागली. रसायनांत वेफर बुडवायचं काम. दोन वर्षांत तिला ल्युकेमिया झाला आणि मार्च २००७मध्ये, २२व्या वर्षी, दवाखान्यातून परतताना ती बापाच्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर गेली. बाप अकरा वर्षं लढला. त्याच्यामागे इतर आजारी कामगार उभे राहिले, संघटना झाली, लोकवर्गणीतून ‘अनदर प्रॉमिस’ हा सिनेमा निघाला, आणि नोव्हेंबर २०१८मध्ये सॅमसंगने जाहीर माफी मागून भरपाई मान्य केली. याच्याच काही आठवडे आधी निप्पॉन स्टीलचा निकाल लागला होता. एका देशात, जवळपास एकाच वेळी, दोन पिढ्यांच्या कामगारांचा हिशोब मांडला जात होता. पूर्व आशियाच्या सुरक्षेवर बोलताना या दोन्ही घटना मला एकाच पानावर हव्या आहेत. ‘सुरक्षा’ म्हणजे कोणाची, हे त्याशिवाय ठरत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, आणि भरपूर. २०२१मध्ये तैवानमध्ये अर्ध्या शतकातला सगळ्यात वाईट दुष्काळ पडला. धरणांचे तळ दिसायला लागले. सरकारने हजारो हेक्टर भातशेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली, आणि फॅबसाठी पाणी राखलं. कंपन्यांनी वर टँकर लावले. मी उदगीरची आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा मी इंजिनियरिंगला होते आणि सुट्टीत घरी नळाला पाणी नव्हतं. त्यामुळे तो टँकरचा फोटो बघून मला टीएसएमसी किती महत्त्वाची कंपनी आहे हे आधी आठवलं नाही. रोपं लावायच्या दिवसांत शेत कोरडं ठेवायला सांगितलेला माणूस आठवला. त्याला भरपाई मिळाली, बरं झालं. पण एक हंगाम शेत पडीक राहिल्यावर माणूस काय करतो, हे भरपाईच्या आकड्यात नसतं.

कोणी म्हणेल, हे उद्योगाचं आणि सत्तेचं पुस्तक आहे; त्यात टॅक्सीवाला आणि भातशेती कशाला? मान्य. एका पुस्तकात सगळं मावत नाही. मिलर यांनी काही लपवलंय असंही माझं म्हणणं नाही. पण हे पुस्तक आता नुसतं पुस्तक राहिलेलं नाही. मंत्री, संपादक, गुंतवणूकदार, माझ्यासारखे इंजिनियर, सगळे चिपबद्दल याच भाषेत बोलायला लागले आहेत. सप्टेंबर २०२२मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं कळलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला आठवा. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही आठवडाभर तोच विषय. कोणी पळवला, कोणी जाऊ दिला. पाणी किती लागलं असतं, रसायनं कुठे गेली असती, त्यात काम करणाऱ्यांच्या तब्येतीचं काय, हे मी तरी तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, माझ्याही नाही. जुलै २०२३मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेरच पडली, तेव्हा भांडणही विरून गेलं. युद्धाची भाषा असली की आपण फक्त जिंकलो की हरलो एवढंच विचारतो.

ढाल कोणाची?

शेवटच्या प्रकरणांत मिलर तैवानवर हल्ला झाला तर जगाचं काय होईल याचा हिशोब मांडतात. दरवर्षी जगाला मिळणाऱ्या नव्या संगणन-शक्तीपैकी ३७ टक्के तैवानमधून येते. फोन, डेटा सेंटर, गाड्या, सगळं थांबेल. हिशोब चोख आहे, आणि भीतीही खरी आहे. पण ही पानं वाचताना मी एक प्रश्न समासात लिहून ठेवला : आणि चिप नसत्या तर?

तैवानमध्ये २ कोटी ३० लाखांहून जास्त लोक राहतात. त्यांना वाचवायचं कारण चिप असेल, तर चिप दुसरीकडे बनायला लागल्यावर ते कारण उरत नाही. टीएसएमसीने मे २०२०मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाला कारखाना काढायचं जाहीर केलं, आणि मार्च २०२५मध्ये तिथली गुंतवणूक आणखी १०० अब्ज डॉलरने वाढवत असल्याचं. तैवानमध्ये टीएसएमसीला लोक ‘देश राखणारा पवित्र डोंगर’ म्हणतात. डोंगर जागचा हलत नाही असं आपण धरून चालतो. तो तुकड्या-तुकड्याने परदेशी निघाल्याचं बघताना तिथल्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न सुरक्षेचाच आहे. ली यांनी १९६८च्या सुमाराला केलेला सौदा शहाणपणाचा होता, दुसरा मार्गही नव्हता. पण त्यात एक अट दडलेली होती : तुम्ही उपयोगी आहात तोवर. मिलर हा सौदा छान समजावून सांगतात. ती अट मात्र ते गृहीत धरून पुढे जातात, आणि त्यांच्यामागून आपणही.

तरी ‘चिप वॉर’ वाचा. तुमच्या हातातला फोन कुठून आला, हे सांगणारं याहून चांगलं पुस्तक माझ्या वाचनात नाही. फक्त दर दोन-तीन प्रकरणांनी थांबून विचारा, की या पानावर काम कोण करतंय आणि त्याचं नाव का नाही.

२० जानेवारी २०२५च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला तैवानच्या दक्षिणेत पुन्हा भूकंप झाला, ६.४चा. बातमी दिसल्याबरोबर मी त्या शिनचूच्या सहकाऱ्याला मेसेज केला, सगळे ठीक ना? दहा मिनिटांनी उत्तर आलं. ठीक आहोत, मांजर पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही. मग त्याने मांजराचा फोटो पाठवला. फोटोत फक्त दोन डोळे होते.

दुसऱ्या दिवशी कॉलवर तारखेचा विषय निघालाच. मीच काढला, माझं काम तेच आहे. पण आधी मांजर बाहेर आलं का, ते विचारलं.